गाडी थांबल्यावरचे दोन घोट

माझा बाप दारू प्यायचा असं कुणी म्हणालं तर मी भांडत नाही. प्यायचा. चांगली काही वर्षं प्यायचा. पण माझ्या बापानं दारू पिऊन गाडी चालवली आणि माणूस मारला असं कुणी म्हणालं, की मी त्याची गचांडी धरते. अजून धरते. केस पांढरे व्हायला लागले, गुडघे बोलायला लागले, नवरा म्हणतो, बाई, आता तरी सोड. का सोडू? सोडून द्यायला ते काय माझ्या एकटीचं आहे? नात्यातल्या लग्नात परवाच एका शहाण्यानं विषय काढला, "तुझ्या वडलांचं ते प्यायचं प्रकरण झालतं ना?" म्हणून. मी पंगतीतून उठून त्याला असा झाडला की त्यानं जिलबी अर्धी टाकली.

आबा ट्रक ड्रायव्हर. आमचं घर नांदेडात, विहाराच्या मागल्या गल्लीत. ट्रक मालकाचा, आबा पगारी. माय सांगायची की भूकंपाच्या आधी आबा पीत नव्हते. बिलोलीकडं पाहुण्यांत गेले तर कधी शिंदीचा एखादा पेला, तोही मामानं लई आग्रह केला म्हणून. त्याला पिणं म्हणत नाहीत.

मग भूकंप झाला. किल्लारीकडच्या गावांत ट्रक हवे होते, मालकानं पाठवले. आबा आणि देगलूरचे काका, दोघांच्या गाड्या बरोबर गेल्या. काका म्हणजे आबांचे जोडीदार. रक्ताचं नातं नाही, पण एकाच मालकाच्या गाड्या, एकाचं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाला धरून चालायचं, आणि दिवाळीला काका आमच्या घरी. आम्ही दिवाळी करत नव्हतो, तरी ते यायचेच, देगलूरची सीताफळं घेऊन. "तुमी नका करू, मी करतो तुमच्या घरी बसून," म्हणायचे. माझ्यावर त्यांचा जीव होता.

जाताना गाड्यांत भाकरी आणि चादरी होत्या. तिथं पोचल्यावर गाड्या मलबा वाहायला ठेवून घेतल्या. दगडमातीची जाड भिंतींची घरं, ती बसली होती माणसांवर. पाऊस पडून गेलेला. काय काय उचलावं लागलं ते आबांनी आम्हाला कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. एवढंच सांगायचे की सकाळी कामाला हात लावायच्या आधी मुकादम प्लॅस्टिकचा कॅन घेऊन यायचा आणि सगळ्यांच्या पेल्यात ओतायचा. न पिणाऱ्यालाही. "पी गा, न्हाईतर टिकायचा न्हाईस." चांगली चांगली माणसं म्हणायची, पी. शिकलेली, चष्मेवाली माणसं म्हणायची. मी त्यांना नावं ठेवत नाही. ते काम शुद्धीत राहून करण्यासारखं नव्हतंच. पण काम संपल्यावर मुकादमानं हातमोजे परत मागून घेतले, घमेली परत घेतली, तोंडाला बांधायची फडकी परत घेतली. बापाला लावलेली सवय परत न्यायला मात्र कुणी आलं नाही. ती आमच्या घरी राहिली आणि मायनं ती सांभाळली.

तिथून पुढं आबा रोज प्यायला लागले. आरडाओरडा नाही, मारहाण नाही. गप पिऊन गप झोपायचे. लोक म्हणायचे, बरं हाय की मग, निदान मारत तर न्हाई. मला त्या लोकांचा आबांपेक्षा जास्त राग यायचा.

दहावीला मला मार्क चांगले पडले. त्या दिवसांत लातूरचं येड लागलं होतं सगळ्या मुलखाला. पोरगं हुशार निघालं की लातूर. पोरगं मठ्ठ निघालं तरी लातूर, तिथं गेल्यावर होईल हुशार म्हणून. शाळेतले गुरुजी घरी येऊन आबांना म्हणाले, पोरीला लातूरला टाका, डॉक्टर होईल. आबा हरखले. मी तिथंच, गुरुजींच्या देखत, म्हणाले, "मी जाते, पर आबा पिणार असतील तर न्हाई जात. तिकडं मी अभ्यास करू का हे कुठल्या नालीत पडलेत त्याचा घोर करू? दोन्ही होणार न्हाई मला." मायनं तोंडाला पदर लावला. गुरुजी चहा न पिताच गेले.

आबा दुसऱ्या दिवशी अंघोळ करून विहारात गेले. पंचशील ते आधीही म्हणायचेच की, लहानपणापासून तोंडपाठ. फक्त पाचवं शील आलं, दारूचं, की आवाज बारीक करायचे. शेजारी उभ्या माणसालाही ऐकू येऊ नये एवढा बारीक. त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं म्हणाले. मी बाहेर चपलांपाशी उभी होते, मला ऐकू आलं.

सोडणं सोपं नव्हतं. अंगाला कापरं, ताप, रात्ररात्र झोप नाही. माय ओव्याची पुरचुंडी करून खिशात द्यायची, तलफ आली की चिमूटभर तोंडात. धाब्यावर बाकीच्यांना खेळच मिळाला. करून करून भागले अन् देवपूजेला लागले, म्हणायचे. भंतेजी म्हणून हाक मारायचे. "या भंतेजी, आज ताक का दूध?" आबा हसून ऐकून घ्यायचे. काकांनी मात्र कधी चेष्टा केली नाही. ते स्वतः सोडणाऱ्यातले नव्हते, पण प्यायचे तर ट्रकच्या मागं जाऊन, आबांच्या डोळ्याआड. मला ते माहीत होतं आणि त्यासाठी काका मला आवडायचे. हे सांगायला पाहिजे, कारण पुढं मी त्यांच्याबद्दल जे बोलणार आहे ते आवडत्या माणसाबद्दल बोलणार आहे.

लातूरला मी एका खोलीत चार पोरींबरोबर राहायचे. क्लासला दार होतं आणि त्या दाराला वेळ होती. वेळ झाली की दार बंद. फी भरलेली असो, पोरगी आजारी असो, गावाकडून येणारी गाडी पंक्चर झालेली असो. सर म्हणायचे, शिस्त. आसपासच्या गावांतली पोरं जीपनं यायची, आत कोंबलेली, मागं लटकलेली, टपावर बसलेली. दार बंद व्हायच्या आत पोचवणारा जीपवाला तो चांगला जीपवाला, असा हिशेब होता. त्यामुळं सकाळी त्या रस्त्यानं जीपा कशा धावायच्या ते बघितलेल्यालाच माहीत.

त्या दिवशी आबा धर्माबादहून मिरची घेऊन लातूरच्याही पुढं चालले होते, लातूर मागं पडलं होतं. पुढं आबा, मागं काका. दिवस वर आला होता, ऊन पडलं होतं, रस्ता कोरडा. एका वळणावर समोरून बस येत होती आणि बसच्या मागून एक जीप भसकन बाहेर आली, बसला मागं टाकायला. आबांच्या अगदी पुढ्यात. आबांनी ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडं घातली, खड्ड्यात. जीप ट्रकच्या उजव्या कोपऱ्याला धडकली आणि उलटली. बस थांबली नाही. बसवाल्याला वेळेत पोचायचं असेल.

जीपवाला जागीच गेला. पोरांना लागलं, कुणाचा हात, कुणाचा पाय. एका पोरीच्या तोंडाला टाके पडले. ट्रक कलंडल्यानं मिरचीची पोती फुटली आणि रस्ताभर मिरची. तिखटाचा धुरळा. जखमी रडतायत, उचलणारे खोकतायत, कुणाच्या डोळ्यातलं पाणी कशाचं ते कळेना. शेतांतून लोक धावत आले. काही पोरांना उचलायला आले. काही मिरची उचलायला आले, पदरात, टोपीत, टॉवेलात. हे मला काकांनी त्याच संध्याकाळी खोलीवर येऊन सांगितलं.

आबा पळाले नाहीत. अपघात झाला की ड्रायव्हर पळतो, हा तर नियमच. पळाला नाही तर लोक ठेचतात. आबांनी जीपचं दार उचकटलं आणि पोरं बाहेर काढली. शेवटचं पोरगं काढून झालं आणि मग त्यांचे हात थरथरायला लागले. ते रस्त्याच्या कडेला बसले.

आता ऐका. ड्रायव्हर लोकांत तेव्हा एक रीत होती. पुढच्या गाडीला अपघात झाला की मागच्या गाडीवाल्यानं धावत जाऊन आधी त्या ड्रायव्हरला दोन घोट पाजायचे. एक म्हणजे हातापायाचं कापरं थांबावं म्हणून. दुसरं म्हणजे आता लोक मारणार, मग पोलीस मारणार, तर तो मार अंगावर कमी लागावा म्हणून. पिलेल्याला मार लागत नाही म्हणे. माया असते त्यात. पाणी पाजावं तसं पाजतात. आणि पाजणाऱ्याच्या डोक्यात एवढंही येत नाही की थोड्या वेळानं कुणीतरी ह्याचं तोंड हुंगणार आहे. असली अक्कल दुसऱ्या कुठल्या धंद्यात सापडायची नाही.

काकांनी आपल्या केबिनमधली बाटली आणली, आबांची हनुवटी वर केली आणि ओतली. आबांना मी नंतर विचारलं, तुम्ही थुंकून का नाही टाकली. ते म्हणाले, "पहिला घोट पाणी समजून गेला, पोरी. दुसरा समजून उमजून गेला. खोटं कशाला बोलू."

मग लोकांनी मारलं. मग पोलीस आले, दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं तोंड हुंगलं आणि लिहिलं, दारूचा वास येतो. कधी प्याला ते लिहिलं नाही. विचारलंच नाही तर लिहील कशाला? पंचनाम्यात आलं की ट्रक रस्ता सोडून खड्ड्यात. शुद्धीत असता तर खड्ड्यात कशाला गेला असता, झालं. ज्या खड्ड्यानं जीपमधली पोरं वाचली, तोच खड्डा आबांच्या अंगावर पुरावा म्हणून घातला. जीपमध्ये पोरं किती आणि कशी बसली होती, ती बसच्या मागून का निघाली, ह्यात कुणाला रस नव्हता. ताडाच्या झाडाखाली बसून दूध प्यालं तरी लोक ताडीच म्हणतात, आणि माझा बाप तर खरंच दोन घोट प्याला होता. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, मी बोलत नाही. त्या जीपवाल्याच्या पाठीमागं बायको होती, लहान लेकरं होती. त्याला शिव्या द्यायला माझं तोंड उघडत नाही. त्याला जी घाई लावून दिली होती तिला मात्र मी अजून देते, मनात नाही, तोंडानं.

पेपरात आलं, दारूच्या नशेत ट्रकचालकानं विद्यार्थ्यांच्या जीपला उडवलं. क्लासमध्ये सरांनी सगळ्यांना उभं केलं, दोन मिनिटं शांतता पाळली. मग खडू हातात घेऊन म्हणाले, असल्या ड्रायव्हरांना भर चौकात फाशी दिली पाहिजे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी बसलेच नव्हते. मी म्हणाले, "सर, तो माझा बाप हाय. अन् तो पिला नव्हता. अन् ती जीप तुमच्या दारासाठी पळत होती."

सर म्हणाले, बस खाली. मी दप्तर घेऊन बाहेर आले.

खोलीवर एकीनं कपडे वाळत घालता घालता, माझ्याकडं न बघता, दुसरीला सांगितलं, "ह्यांच्यात पितातच गं सगळे." ह्यांच्यात. बाकी सगळ्यांच्यात उसाचा रस पितात बहुतेक. मी माठातला तांब्या भरून घेतला आणि तिच्या वह्यांवर ओतला. सगळ्या वह्यांवर, नीट, एकही कोरडी राहू नये अशी काळजी घेऊन. तिनं घरमालकिणीला बोलावलं. मालकिणीनं मला खोली सोडायला सांगितली, आणि मी नांदेडला परत आले. डॉक्टर व्हायचं राहिलं ते असं. त्याचं मला वाईट वाटत नाही असं नाही, पण ते दुसरं दुखणं आहे.

आबा जामिनावर सुटून आले होते. लायसन कोर्टात जमा. मालकानं ट्रकवर दुसरा ड्रायव्हर बसवला. आबा मोंढ्यात पोती उतरवायला जायला लागले. गल्लीतले लोक वाट बघत होते, आता हा पुन्हा प्यायला लागतो बघा. दोघंतिघं तर मुद्दाम घेऊन आले, दुःख हलकं करायला म्हणून. आबांनी त्यांना बसवून घेतलं, चहा पाजला आणि पाठवून दिलं. ओव्याची पुरचुंडी खिशात असायची. विहारात पाचवं शील पूर्वीसारखंच मोठ्यानं. खरं सांगते, मला त्यांच्या त्या मोठ्या आवाजाची भीती वाटायची. जिथं कुणी ऐकून घेणार नाही तिथं हा माणूस एवढ्या मोठ्यानं का बोलून राहिला, असं वाटायचं.

आमचे वकील म्हातारे होते, माणूस बरा. त्यांनी सरळ सांगितलं. "तुम्ही कितीही सांगा की गाडी थांबल्यावर प्यालो, कोर्ट ऐकायचं नाही. ज्यानं पाजली त्यानं पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं पाहिजे, मी पाजली, अपघात झाल्यावर पाजली. तेवढं झालं तर वाचाल. लायसनही वाचेल."

म्हणजे काका. आणि काका तर आमच्याकडं यायचे बंद झाले होते.

आबा म्हणाले, मी त्याला सांगणार नाही. "बाटली त्याच्या केबिनमधली. ते कबूल केलं की उद्या त्याचं लायसन जाईन. त्याला लेकरं हायत." मी म्हणाले, "अन् मी काय धोंडा हाय का तुमचा?" आबा पाणी प्यायला उठून गेले. माय म्हणाली, जाऊ दे, आपलं नशीब. मला नशीब ह्या शब्दाची शिसारी आहे. माणसांनी केलेल्या गोष्टी देवाच्या नावावर खपवायची सोय आहे ती.

मी ट्रक अड्ड्यावर गेले. काका गाडीच्या पायरीवर बसून दाढी करत होते, आरसा टायरवर टेकवलेला. मी विचारलं, "काका, येणार का न्हाई कोर्टात?" आसपासचे ड्रायव्हर बघायला लागले. काकांनी अर्ध्या गालावरचा साबण तसाच ठेवला.

"पोरी, माझं लायसन जाईन गं."

"आबांचं गेलंय."

"साहेब मला इचारतील, गाडी चालवताना बाटली जवळ कशाला? काय सांगू मी?"

"खरं सांगा. पाजताना विचार केला न्हाई ना? मग आता कशाला करता? माझ्या बापानं इतके दिवस तोंडाला लावली न्हाई, अन् तुमी त्याची हनुवटी धरून ओतली. मायेनं ओतली का जहर ओतलं ते तुमचं तुमी बघा. पर ओतली कुणी ते सांगायला दुसरा कोण येणार हाय? तो बसवाला?"

काका रडायला लागले. साबण आणि पाणी एक झालं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "येतो. तुझ्या शपथेनं येतो." अड्ड्यावरचा एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, "ह्यो येईन पोरी, ह्यो शब्दाचा पक्का हाय." ते खरं होतं. काकांनी दिलेला शब्द कधी मोडला नव्हता.

तारखेच्या दिवशी आम्ही तिघं सकाळच्या एसटीनं गेलो. तालुक्याचं कोर्ट, नाव घेत नाही. आबांनी पांढरा सदरा घातला होता, मायनं इस्त्रीवाल्याकडून आणलेला. आमचं प्रकरण पुकारायला दुपार होत आली तरी काकांचा पत्ता नाही. वकील घड्याळ बघून राहिलेले. मग बाहेर ट्रकचा आवाज आला. काका भरलेली गाडी घेऊन आले होते आणि कोर्टाच्या फाटकात, अर्धी आत अर्धी रस्त्यावर, तशीच उभी करून उतरले. नवा सदरा, केसांना तेल, तोंडात पान. आणि ते दहा पावलांवर असतानाच मला वास आला.

मी त्यांच्या आडवी गेले. "काका, हे काय केलं तुमी?"

"धीर येईना पोरी," काका म्हणाले. "रस्ताभर येईना. म्हणून जराशी घेतली. आता बघ कसं सांगतो."

तेवढ्यात आतून त्यांचं नाव पुकारलं. वकिलांनी कपाळाला हात लावला, पण काका निघालेसुद्धा. पिंजऱ्यात चढले. शपथ घेतली. वकिलांनी पहिला प्रश्न विचारायच्या आधीच त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला आणि म्हणाले, "मी पाजली, साहेब. ह्यानं पेली न्हाई, मी पाजली. गाडी थांबल्यावर. पोरं काढून झाल्यावर. बाटली माझी, हात माझा. ह्याचं तोंड फकस्त ह्याचं."

साहेबांनी चष्मा काढला. "तुम्ही आत्ता दारू प्यायला आहात का?"

"हाव साहेब," काका म्हणाले. "पर खरं बोलून राहिलो."

सगळं कोर्ट हसलं. पट्टेवाला हसला, मागं बसलेले वकील हसले, ज्यांच्या स्वतःच्या तारखा होत्या आणि सकाळपासून तोंडं सुतकी करून बसले होते तेही हसले. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, ह्याला खाली उतरवा, ह्या अवस्थेत ह्याची साक्ष घेता येणार नाही. आत टाकत नाही हेच नशीब समजा. आमच्या वकिलांनी दुसरी तारीख मागितली. साहेब म्हणाले, तारखा पुष्कळ झाल्या, बचावाचा पुरावा बंद. आबा आरोपीच्या जागेवर उभे होते, ते काकांकडं बघत होते, आणि काका शिपायाच्या हाताला धरून उतरताना पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते, मी पाजली, मी पाजली. ते कुणी लिहून घेतलं नाही.

बाहेर आल्यावर वकील मला म्हणाले, संपलं बेटा. आणि संपलंच. पुढच्या तारखेला आबांना शिक्षा झाली, लायसन रद्द झालं, पुढं त्यांनी कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. पण ते नंतरचं. त्या दुपारी आम्ही कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसलो होतो. काका पाय पसरून, बुंध्याला टेकून. आबा टपरीवर जाऊन लिंबू सरबत घेऊन आले आणि त्यांनी तो ग्लास काकांच्या तोंडाला लावला.

माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर ओरडले, "तुमी ह्याला सरबत पाजता?"

"मग काय पाजू?" आबा म्हणाले.

काका सरबत पिऊन उठायला लागले. त्यांना माल पोचवायचा होता नांदेडला. मी त्यांच्या खिशात हात घातला आणि किल्ली काढून घेतली. असल्या अवस्थेत हा माणूस त्या रस्त्यानं जाणार, जीपांच्या रस्त्यानं, हे मला चालणार नव्हतं. मी किल्ली मुठीत घेऊन मायच्या शेजारी बसले.

थोड्या वेळानं फाटकावरचा पोलीस आला. ट्रक कुणाचा म्हणून विचारलं. साहेबांची गाडी जेवायला निघायची होती आणि फाटकात ट्रक. "चल, गाडी काढ," तो काकांना म्हणाला.

मी म्हणाले, "तो पिलाय."

"दिसून राहिलंय मला. बाजूला घ्यायचीय, मुंबईला न्यायची न्हाई."

"माझे वडील काढतील. ते ड्रायव्हर हायत. शुद्धीत हायत."

"लायसन?" पोलिसानं आबांना विचारलं.

"आत हाय, साहेब," आबा म्हणाले. "कोर्टात जमा."

"मग हात लावायचा न्हाई. बिगर लायसनची गाडी कोर्टाच्या दारात चालवू देऊ का मी? नोकरी घालवता का माझी?" आणि तो माझ्याकडं वळला. "पोरी, किल्ली दे."

मी दिली नाही. त्यानं माझी मूठ धरली आणि एकेक बोट उघडलं. माय म्हणत होती, दे गं, दे गं. किल्ली त्यानं काकांच्या हातात ठेवली. काकांचा पाय पायरीवरून एकदा निसटला, तेव्हा पोलिसानंच त्यांना मागून टेकू देऊन केबिनमध्ये चढवलं.

ट्रकच्या मागं टपरी होती, बाकडी होती, शाळा सुटून चाललेली पोरं होती. आबा धावत मागं गेले. त्यांनी आधी पोरांना हाकलून बाजूला केलं, मग ट्रकच्या फळीवर थाप मारली आणि हाळी द्यायला लागले. येऊ दे, येऊ दे, डावीकडं मार, अजून मार, बस. सरळ घे. येऊ दे. काका त्या हाळीवर गाडी मागं घेत होते, इतकी बरोबर की टपरीच्या बाकड्याला धक्कासुद्धा लागला नाही. इतकी वर्षं तोच आवाज ऐकून ते गाडी मागं घेत आले होते. फाटक मोकळं झालं. काकांनी हॉर्न दिला आणि भरलेली गाडी घेऊन नांदेडच्या रस्त्याला लागले. पोलीस त्यांच्याकडं बघत नव्हता, तो साहेबांच्या गाडीला सलाम करायला उभा होता.

मी त्याला म्हणाले, "आता हुंगा की त्याचं तोंड. आता का हुंगत न्हाई?" त्यानं टाचा जुळवल्या.

साहेबांची गाडी फाटकातून बाहेर आली आणि आबांपाशी जराशी थांबली. साहेब मागं बसून कागद वाचत होते. पुढच्या पांढऱ्या कपड्यातल्या ड्रायव्हरनं काचेतून डोकं बाहेर काढलं आणि आबांना म्हणाला, "एवढ्याशा जागेतून झकास काढून दिली बघा, मामा. ड्रायव्हर दिसता तुमी?"

"व्हतो," आबा म्हणाले.